वैद्यकीय गर्भपाताचा कायदा : सही कोणाची, नोंद कोणती?

वार्षिक अहवालात ताळेबंद, उत्पन्न-खर्चाचे पत्रक आणि विभागवार कामगिरी यांच्या जोडीला आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाची ओळख करून देणारा लेख देण्याची आपल्या रुग्णालयाची जुनी प्रथा आहे. मधुमेह, नेत्रदान, रक्तदान असे विषय यापूर्वी होऊन गेले. या वर्षीचा विषय सुचविला गेला तेव्हा विश्वस्त मंडळाच्या सभेत काही काळ शांतता पसरली, हे प्रांजळपणे नमूद करावयास हवे. तरीही मंडळाने संमती दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

विषय निघण्यास दोन कारणे घडली. पहिले कारण एका ज्येष्ठ देणगीदारांचे पत्र. 'आमच्या देणगीतून आपल्याकडे गर्भपात केले जातात काय?' असा सरळ प्रश्न त्यांनी विचारला होता. प्रश्न सरळ असल्याने उत्तरही सरळ देतो : होय, केले जातात, कायद्याने आखून दिलेल्या मर्यादेत, मान्यताप्राप्त जागेत, पात्र डॉक्टरांच्या हस्ते आणि त्या स्त्रीच्या लेखी संमतीने. दुसरे कारण अधिक क्लेशदायक आहे. ते आमच्याच कचेरीत घडले.

काही वर्षांपूर्वी दोन मुलांची आई असलेली एक विवाहित भगिनी आपल्या बाह्यरुग्ण विभागात आली. दिवस फार गेले नव्हते. डॉक्टरांनी तपासून कागद केले आणि प्रवेशासाठी तिला खाली आमच्या खिडकीवर पाठविले. आमच्याकडील छापील संमतिपत्रात तेव्हा 'पतीची स्वाक्षरी' असा एक रकाना होता. लिपिकाने नियमाप्रमाणे, म्हणजे त्याला जो नियम वाटत होता त्याप्रमाणे, नवऱ्याला घेऊन येण्यास सांगितले. ती काही न बोलता निघून गेली. पुढे काही आठवड्यांनी तिला रात्री रिक्षातून आणले गेले ते अंगात ताप आणि अतिरक्तस्राव अशा अवस्थेत. मधल्या काळात तिने कोठे व कोणाकडून उपाय करून घेतला हे तिने सांगितले नाही आणि आम्हीही खोदून विचारले नाही. आमच्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी शर्थ केली, रक्तपेढीने रात्रीत रक्त दिले, ती वाचली. तिचे नाव, गाव आणि नेमके वर्ष आम्ही येथे देत नाही. सौजन्य म्हणून तर नाहीच, पण कायद्याचीही तशीच आज्ञा आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

चूक लिपिकाची नव्हती. तो रकाना छापून घेणारे आम्ही होतो. मागील पिढीतील एका नमुन्यावरून आम्ही तो उतरविला होता आणि हा रकाना कोणत्या कलमानुसार आहे, असे इतक्या वर्षांत कोणीही विचारले नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक आमचा विषय नव्हे, वकिलीही नव्हे. पण फॉर्म, नोंदवह्या आणि सह्या हा आमचाच विषय, आणि नेमके तेथेच आम्ही कमी पडलो. त्यानंतर मूळ अधिनियम, नियम व विनियम आम्ही कायदेविषयक सल्लागारांसमवेत बसून वाचून काढले. त्या वाचनातून जे समजले ते देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१२ अन्वये गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा होता. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात एवढाच अपवाद. विशेष म्हणजे त्या कलमान्वये खुद्द स्त्रीही शिक्षेस पात्र ठरत असे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी ही तरतूद कलम ८८ म्हणून जवळजवळ जशीच्या तशी कायम आहे. म्हणजे गर्भपात हा मुळात गुन्हाच, आणि १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा हे त्या गुन्ह्यातून डॉक्टर व रुग्ण या दोघांनाही बाहेर काढणारे संरक्षण, अशी रचना आजही आहे. ही रचना ध्यानात घेतली नाही, तर पुढील कागदपत्रांचे महत्त्व कळत नाही.

या संरक्षणाच्या उगमाशी महाराष्ट्राचा संबंध आहे. केंद्र शासनाने १९६४ मध्ये या प्रश्नाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. चोरून व असुरक्षित रीतीने होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया प्राणास मुकतात, हा समितीच्या चिंतेचा मुख्य विषय होता. १९६६ च्या अखेरीस अहवाल सादर झाला, १९७१ मध्ये संसदेने कायदा केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. (नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी; हिशेबनिसाला अशा तारखा लक्षात राहतात.) आणखी मागे जावयाचे तर पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेथे विधवांनी गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे अशी सोय होती. गुप्तता ही या क्षेत्रात औषधाइतकीच आवश्यक गोष्ट आहे, हे त्या दांपत्याने शंभर वर्षे आधी ओळखले होते.

कायद्यात २००२ व २०२१ मध्ये मोठ्या सुधारणा झाल्या. २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू असलेल्या तरतुदींनुसार वीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी एका नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचे मत पुरेसे आहे. वीस ते चोवीस आठवड्यांसाठी दोघांचे मत लागते आणि ही मुभा ठरावीक गटांतील स्त्रियांनाच आहे : लैंगिक अत्याचारपीडित स्त्रिया, अल्पवयीन मुली, गर्भारपणातच वैधव्य वा घटस्फोट आलेल्या स्त्रिया, दिव्यांग व मनोरुग्ण स्त्रिया, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या स्त्रिया, तसेच आपत्तीच्या परिस्थितीत सापडलेल्या स्त्रिया. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर स्वरूपाचे व्यंग असेल तर निर्णय राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जातो. मंडळाने तीन दिवसांत मत द्यावयाचे आणि अर्जापासून पाच दिवसांत प्रक्रिया पूर्ण व्हावयाची, असे नियम सांगतात. आणि स्त्रीचा जीव तातडीने वाचवावयाचा असेल तर कलम ५ नुसार आठवड्यांची मर्यादा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत व मान्यताप्राप्त जागेची अट यांपैकी काहीही आड येत नाही. मध्यरात्री आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी हे एक वाक्य तरी लक्षात ठेवावे.

मात्र मागेल तिला गर्भपात, असे या कायद्याचे स्वरूप नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. गर्भ राहिल्याने स्त्रीच्या जीवितास धोका आहे, तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यास गंभीर इजा पोहोचेल, किंवा बालकास गंभीर व्यंग असण्याचा मोठा संभव आहे, असे डॉक्टरांचे सद्भावनेने बनलेले मत असावे लागते. बलात्कारातून गर्भ राहिला असल्यास मानसिक इजा गृहीतच धरली जाते. संततिनियमनाचे साधन अयशस्वी ठरले असल्यास वीस आठवड्यांपर्यंत तसेच गृहीत धरता येते. या तरतुदीत पूर्वी 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते. २०२१ मध्ये त्या जागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले.

आता सहीचा प्रश्न. अठरा वर्षांवरील व मानसिकदृष्ट्या सक्षम स्त्रीच्या बाबतीत कायद्याला केवळ तिचीच संमती हवी आहे. पतीची नको, सासूची नको, भावाची नको. अधिनियम, नियम, विहित नमुने सगळे चाळून पाहावे. पतीच्या सहीला त्यांत कोठेही जागा नाही. मुलगी अल्पवयीन असेल किंवा स्त्री मनोरुग्ण असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते; आणि पालक म्हणजे कायद्याच्या व्याख्येत त्या व्यक्तीची देखभाल करणारी व्यक्ती. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात याविषयी रुग्णालयांना स्पष्ट शब्दांत सुनावले : कुटुंबीयांची संमती, जादा कागदपत्रे, न्यायालयाची परवानगी अशा कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. त्याच निर्णयाने वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा अविवाहित स्त्रियांनाही दिली, आणि या कायद्यापुरता पतीने केलेल्या बळजबरीचाही बलात्कारात समावेश केला. निर्णयाचा हा भाग वाचताना आमच्या नजरेसमोर आमची खिडकी व तो छापील रकाना आला, हे लपविण्यात अर्थ नाही.

पतीला अंधारात ठेवण्याचा हा प्रकार नव्हे काय, असे एका विश्वस्तांनी विचारले. बहुसंख्य स्त्रिया पतीसमवेतच येतात आणि दोघांचा निर्णय झालेला असतो, हा आमचा अनुभव आहे. प्रश्न उरतो तो ज्यांना एकटे यावे लागते त्यांचा. एकटे येण्याचे कारण प्रत्येकीचे निराळे. ते खिडकीवर सर्वांदेखत सांगण्याची सक्ती आम्ही करू लागलो, तर ती खिडकी ओलांडून भलत्याच दाराशी जाईल.

आता नोंदवहीकडे येऊ. येथे आम्ही थोडे अधिक रेंगाळणार आहोत, वाचकांनी समजून घ्यावे. जमाखर्चात प्रत्येक रक्कम कोणाच्या तरी नावे असते. नाव नसलेली नोंद म्हणजे लेखापरीक्षकाची हरकत ठरलेली. या कायद्याखालील विनियम नेमके उलट सांगतात. गर्भपातासाठी दाखल झालेल्या स्त्रीचे नाव केवळ एकाच प्रवेश नोंदवहीत लिहावयाचे. दर वर्षी १ जानेवारीपासून अनुक्रमांक नव्याने सुरू होतो व त्यास वर्षाचा आकडा जोडला जातो. त्यानंतर केसपेपर, शस्त्रक्रियागृहाची वही, पुन्हा तपासणीचे कार्ड यांपैकी कोठेही तिचे नाव येता कामा नये. सर्वत्र फक्त तो अनुक्रमांक. संमतिपत्र व डॉक्टरांचे मत लिफाफ्यात घालून मोहोरबंद करावयाचे, त्यावर 'गुप्त' अशी खूण करावयाची आणि तो रुग्णालय प्रमुखांच्या ताब्यात सुरक्षित ठेवावयाचा. नोंदवही शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षे जपावयाची. जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे दरमहा जाते ते केवळ संख्यात्मक विवरणपत्र.

वाचून झाल्यावर आम्ही स्वतःच्या कागदपत्रांची तपासणी केली. प्रवेश नोंदवही कुलूपबंद होती, लिफाफे मोहोरबंद होते; पण रोखपालाच्या पावतीवर रुग्णाच्या पूर्ण नावासमोर उपचाराचे नाव स्वच्छ अक्षरांत छापले जात होते, आणि ती पावती घरी जाऊन कोणाच्याही हाती पडू शकत होती. संगणक प्रणाली बसविताना आम्हीच मोठ्या हौसेने तो तपशील घालून घेतला होता. आता पावतीवर विभागाचे नाव येते, उपचाराचे येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखून ठेवलेल्या असतात. त्या योजनेतून उपचार घेणाऱ्या स्त्रीची नावनिशी विवरणपत्रात द्यावी लागते, तेथेही हीच पद्धत ठेवली आहे.

२०२१ च्या सुधारणेने या गुप्ततेला मूळ अधिनियमातच कलम ५ अ म्हणून स्थान दिले. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज अन्य कोणासही स्त्रीचे नाव वा तपशील सांगितल्यास डॉक्टरांना एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एकदा एक गृहस्थ गावातील एका वजनदार व्यक्तीला बरोबर घेऊन 'आमच्या घरातील बाईची नोंद दाखवा' म्हणून आमच्या टेबलापाशी बसून राहिले होते. त्यांना चहा दिला, नोंदवही दिली नाही. अशी कोणी स्त्री येथे आली होती वा नव्हती, हेसुद्धा सांगितले नाही. नोकरदार स्त्रीला मात्र रजेसाठी दाखला हवा असल्यास डॉक्टर तो देऊ शकतात, व कायद्याने तिला सहा आठवड्यांची सवेतन रजा मिळू शकते. ही गोष्ट फारच थोड्या भगिनींना ठाऊक असते.

अल्पवयीन मुलीच्या बाबतीत गुप्ततेची कसोटी लागते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे सर्वांवर बंधनकारक आहे, न दिल्यास शिक्षा आहे. या धास्तीने आई मुलीला घेऊन दारातूनच परत फिरल्याचे आमच्या परिचारिकांनी पाहिले आहे. उपरोक्त २०२२ च्या निर्णयात न्यायालयाने यावर वाट काढली : मुलीने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना माहिती द्यावी, पण मुलीची ओळख उघड करण्याची गरज नाही. समुपदेशिका आता हे पहिल्या पाच मिनिटांतच आईला सांगते.

डॉक्टरांच्या संरक्षणाविषयी थोडे. कलम ८ नुसार या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल नोंदणीकृत व्यावसायिकाविरुद्ध दावा वा कारवाई चालत नाही. हे कवच हलगर्जीपणाला लागू नाही, अपात्र व्यक्तीला तर नाहीच. तिला दोन ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. राज्यापुरते बोलावयाचे तर वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१० पासून आहे; त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड असून मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई वसूल करता येते. आमच्या प्रवेशद्वाराशी तो फलक आहे. फलकाने संतप्त जमाव थांबतो असे आम्ही म्हणणार नाही.

खरा घोटाळा होतो तो गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याशी. तो कायदा वेगळा आहे व अत्यंत आवश्यक आहे; देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, असा कायदा महाराष्ट्राने केला आणि केंद्राचा १९९४ चा कायदा त्यानंतर आला, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण मुलगी म्हणून गर्भ पाडणे निषिद्ध आहे, याचा अर्थ प्रत्येक गर्भपात संशयास्पद आहे असा होत नाही. तपासणीच्या मोहिमा कडक होतात तेव्हा पुष्कळ खाजगी डॉक्टर बारा आठवड्यांनंतरचे रुग्ण घेणेच टाळतात, औषध दुकानदार गोळ्या ठेवीनासे होतात. कागद चोख असलेल्या रुग्णालयाने तरी अशा वेळी दार लावू नये, असे आमचे मत आहे.

कायदा धूसर असला आणि डॉक्टर घाबरले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच शेजारचे आहे. बेळगावचे माहेर असलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमधील गॉलवे येथील रुग्णालयात दाखल झाल्या. गर्भ वाचणार नाही हे निश्चित होते, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू होते, आणि तेथील कायद्यामुळे गर्भपाताची विनंती नाकारली गेली. जंतुसंसर्गाने २८ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. २५ मे २०१८ च्या सार्वमताने आयरिश जनतेने राज्यघटनेतील ती तरतूद काढून टाकली.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका देणगीदारांच्या कन्येने आम्हास विचारले की भारतात राज्याराज्यांत वेगळे नियम आहेत का. तेथे सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी १९७३ चा निर्णय रद्द केल्यापासून ज्या त्या राज्याचा कायदा निराळा झाला आहे. टेक्सासमध्ये जवळजवळ संपूर्ण बंदी, तर मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांनी आपल्या डॉक्टरांना परराज्यातील खटल्यांपासून जपणारे कायदे केले. न्यूयॉर्कने तर २०२५ मध्ये औषधाच्या वेष्टनावर डॉक्टरांच्या नावाऐवजी दवाखान्याचे नाव छापण्याची मुभा दिली. आपल्याकडे कायदा देशभर एकच आहे, हे सुदैव. आमच्या पावतीची गोष्ट त्या भगिनीला सांगितली तेव्हा त्या हसल्या.

तरीही सर्व काही सुरळीत आहे असे नाही. २००८ मध्ये मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी एका दांपत्यासमवेत उच्च न्यायालयात धाव घेतली होती. गर्भाच्या हृदयात दोष होता, पण वीस आठवड्यांची तेव्हाची मर्यादा उलटून गेली होती. परवानगी मिळाली नाही. मर्यादा वाढण्यास त्यानंतर तेरा वर्षे लागली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेहतिसाव्या आठवड्याच्या सुमारास, गर्भातील गंभीर व्यंगामुळे, वैद्यकीय मंडळाचा नकार असतानाही निर्णयाचा अधिकार त्या स्त्रीचा आहे असे सांगून अनुमती दिली. न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ किती जणींकडे असते, हा हिशेब मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

आमच्याकडील एक ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ व्यक्तिगत श्रद्धेमुळे गर्भपात करीत नाहीत. त्यांच्यावर सक्ती नाही. रुग्ण समोर आल्यास तिला त्याच दिवशी सहकारी डॉक्टरांकडे पाठवावयाचे, एवढे त्यांनी मान्य केले आहे आणि ते त्या कटाक्षाने पाळतात. ज्या देणगीदारांनी पत्र लिहिले त्यांनाही आम्ही प्रत्यक्ष भेटून हे सांगितले. त्यांनी आपली देणगी यापुढे नवजात शिशु विभागासाठी राखून ठेवावी अशी इच्छा व्यक्त केली. तशी नोंद निधीच्या खात्यात केली असून ती या अहवालाच्या परिशिष्टात दिसेल.

विहित नमुन्यातील नवी संमतिपत्रे छापून घेतली आहेत. त्यांवर एकच सही आहे. निरक्षर भगिनीसाठी अंगठ्याची जागा आहे. जुन्या फॉर्मचे दीड गठ्ठे भांडारात शिल्लक होते. ते रद्दीत न घालता कचेरीत आणवून त्यांच्या कोऱ्या पाठीवर कच्चे हिशेब मांडण्यास आम्ही सांगितले आहे. पान उलटले की तो रकाना दिसतो.